स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख

४ जून

चि. ठोक्या यास,
अ. उ. आ.

तू दिलेला कॉम्प्युटर माझ्या जिवावर उठलाय. सकाळी बटण दाबलं की आधी पाटी येते, अपडेट चालू आहे, मशीन बंद करू नका. आकडा तीस टक्क्यांवर येतो आणि तिथेच बूड टेकतो. मी चहा करते, पिते, कप धुऊन पालथा घालते, तरी तीसच. मग दुसरी पाटी, बदल करता आले नाहीत, पूर्वीसारखं करत आहोत. अरे, करता येत नव्हतं तर हात कशाला घातलास बाबा! रोजचा हाच तमाशा. काल तर डेस्कटॉपवरची सगळी चित्रं उठून डावीकडे भिंतीला लागून उभी राहिली. मी माझ्या सोयीने लावलेली, मेलचं जवळ, टायपिंगचं मधोमध. लहानपणी तू रेडिओ ठोकून चालू करायचास म्हणून तुला ठोक्या नाव पडलं. मीही डब्याला दोन धपाटे घालून पाहिले. हात दुखला, बाकी काही नाही.

फोन केला असता, पण कानातलं यंत्र हल्ली रिसीव्हर जवळ नेला की शिट्टी मारतं. तू काय बोलतोस ते मला कळत नाही आणि मी काय ओरडते ते खालच्या मजल्याला कळतं. तेव्हा पत्रच बरं.

आता मुख्य गोष्ट. भिंगरीने मार्चमध्ये मेल पाठवली होती. तिचे साहेब तिला तीन वर्षांचा नवा करार देतायत, आणि ती विचारत होती की सही करू, की परदेश सोडून परत येऊ? तू ये म्हणालीस तर येते, असं सरळ लिहिलं होतं पोरीने. मी त्याच दुपारी उत्तर धाडलं. ये म्हटलं. तुझे बाबा जाऊन चार वर्षं झाली, आतली खोली मी उघडतसुद्धा नाही, तू ये. बरंच काही लिहिलं, एरवी मी लिहीत नाही असलं. पंधरवड्याने तिचं उत्तर आलं, दोन ओळी. समजलं, सही केली आहे, काळजी घे. संपलं. नंतर मी तीन-चार मेली केल्या, एकीचंही उत्तर नाही. महिन्यातून एकदा फोन करते, बरी आहेस ना म्हणून ओरडते, मी हो म्हणते.

मला फक्त एवढंच सांग. मशीन मेल गेली म्हणतं, पण ती गेलेलीच नसते, असं होऊ शकतं का? मी काही मनाला लावून घेतलेलं नाही. चौकशी आपली.

जेवण वेळेवर करत जा. ताईवर माया आहेच तुझी, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई


११ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. डब्याला धपाटे घातलेस हे वाचून मी इथे एकटाच हसलो, तर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वर पाहिलं. आमच्या ऑफिसच्या तळघरात हसण्याचा आवाज फारसा होत नाही. दिवसभर वरच्या मजल्यांवरून फोन येतात. चालत नाही. काय चालत नाही? काहीच चालत नाही. मग मी जाऊन प्लग लावून येतो. तुझं पत्र त्यामानाने सरकारी अहवालासारखं व्यवस्थित असतं. चाळीस वर्षं टायपिस्ट होतीस ते उगीच नाही.

चित्रांचं सोपं आहे. मोकळ्या जागेवर माऊसचं उजवं बटण दाब, यादी उघडेल. त्यात आपोआप मांडणी असं काहीतरी असेल, त्यावरची खूण काढून टाक. मग तुझी चित्रं तू लावशील तिथेच गुमान बसतील. काही गोठलं, बाण हलेना, तर लगेच बटण बंद करायचं नाही. आधी थोडी वाट पाहायची. मशीन पुष्कळदा विचार करत असतं आणि आपण समजतो मेलं. कधी चुकून काही खोडलंस तर कंट्रोल दाबून धर आणि झेड दाब, होतं तसं होतं. अपडेट का अडतंय ते मात्र इथून कळत नाही, बघतो.

मेलचं विचारलंस. पाठवलेले असा एक कप्पा असतो. तुझी मेल त्या कप्प्यात दिसत असेल तर ती गेली. पत्ता चुकला असता तर परत आली असती. परत आली नाही ना? मग गेली म्हणजे गेली, आणि पोचली. भिंगरीला काम असेल. पोरगी दिवसभर दातांच्या लॅबमध्ये दुसऱ्यांचे दात घडवते, संध्याकाळी डोळे उघडे राहत नसतील तिचे. जास्त डोक्यात घेऊ नकोस.

मशीन मधूनमधून पाटी टाकून काही विचारतं का? काय विचारतं ते शब्दाला शब्द उतरवून पाठव.

माझं बरं आहे. खोलीखालच्या सायकलवाल्याने दुकान बंद केलं, आता संध्याकाळी फार सामसूम असते. लोभ आहेच, रागावलीस तरी तो काढून घेऊ नकोस.
तुझा ठोक्या


१७ जून

चि. ठोक्या यास,
अ. उ. आ.

चित्रं जागेवर बसली. शाबास.

मेल त्या कप्प्यात आहे. म्हणजे पोचली. म्हणजे तिने वाचली. वाचून मग सही केली. बरं झालं सांगितलंस, इतके दिवस उगीच मशीनवर आळ घेत होते. वाईट एवढंच वाटलं की मी ये म्हटलं त्यावर तिने एक अक्षर लिहिलं नाही. येत नाही, जमत नाही, काहीही लिहायचं. नुसतं समजलं. ऑफिसात साहेब अर्जावर तेवढंच लिहायचे. आता मी तिला पुन्हा काही विचारणार नाही, कानाला खडा. सोमवारी दुपारी आतली खोली उघडली होती, तिच्यासाठी गादी उन्हात टाकावी म्हणून मार्चपासून मनात होतं. पुन्हा लावून टाकली.

मशीन जे विचारतं ते उतरवून पाठवते. या सर्व्हरचं प्रमाणपत्र ग्राह्य नाही किंवा अजून लागू झालेलं नाही, तरी पुढे जायचं का? मेल उघडली की दर वेळी हेच. मला ते पुष्कळ दिवस माहीतच नव्हतं. माझी रीत तुला ठाऊक आहे, मजकूर आधी कागदावर हाताने लिहायचा, कागद डावीकडे उभा करायचा आणि नजर कागदावर ठेवून टाइप करायचं. आमच्या बाईंनी पट्टीने बोटं फोडून शिकवलंय की यंत्राकडे पाहायचं नाही. मध्ये कुठली पाटी आली आणि माझ्या बोटाने तिला हो म्हटलं, तर मला पत्ता नसतो. परवा मुद्दाम स्क्रीनकडे पाहत बसले तेव्हा दिसली.

एक गंमत सांगते. तो पाठवलेल्यांचा कप्पा उघडला तर वरती सगळ्या जुन्या मेली, थंडीतल्या. मार्चपासूनच्या सापडेनात. खाली खाली खाली गेले तर पार तळाशी, सगळ्या एकाच गठ्ठ्यात. मशीनलाही कळलं बहुतेक की त्या ठेवण्यासारख्या नाहीत.

आणि हो, फेब्रुवारीपासून मी रात्री भिंतीवरचं बटणही बंद करते. जिन्यातल्या दिव्याचं काम करायला वायरमन आला होता, तो म्हणाला मशीन बंद केलं तरी तो लाल ठिपका रात्रभर वीज पितो. तेव्हा चूक-बरोबर कळव.

सामसूम वाटते म्हणतोस, तर इकडे ये चार दिवस. तू तरी. पत्राची वाट पाहते, तिला फार ताण देऊ नकोस.
ताई


२२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितो आहे. बाकी सगळं सोड. मशीन चालू कर आणि स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बघ. तिथे घड्याळ आहे. त्यावर बाण नेऊन ठेव, क्लिक करू नकोस, नुसता ठेव. तारीख दिसेल. कोणती ती लिही. दिवस, महिना आणि साल. सालसुद्धा.

काहीही बदलू नकोस. उलट टपाली लिही, तेवढी मेहरबानी कर.
ठोक्या


२७ जून

चि. ठोक्या यास,
अ. उ. आ.

तारखेचं मला माहीत आहे रे. ती चुकीची असते. एक जानेवारी, सात वर्षांपूर्वीचं साल. रोज सकाळी एक जानेवारीच. मशीन चालू राहिलं की तास पुढे सरकतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच तुला लिहायला हवं होतं, पण लिहिलं नाही. हसणार नसशील तर सांगते. त्या साली हे होते. भिंगरी कॉलेजात होती, केस विंचरायला वेळ नाही म्हणून तशीच पळायची आणि मी जिन्यापर्यंत मागे धावायचे. सकाळी मशीन सुरू केलं की ते साल दिसायचं आणि मला बरं वाटायचं. भिंतीवर खरं कॅलेंडर आहेच की, बँकेचं, दवाखान्याचं सगळं त्यावर बघते. म्हटलं एवढ्या तारखेने कोणाचं काय बिघडतंय. म्हणून राहू दिलं.

बिघडलंय का काही? तुझ्या पत्राचा सूर बघून हातातलं काम टाकून लिहायला बसले.
ताई


२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बिघडलंय. पण नीट बसून वाच, आणि शेवटपर्यंत वाच.

मशीनच्या पोटात एक चपटा गोल सेल असतो, मनगटी घड्याळातल्यासारखा, त्याहून मोठा. सगळी वीज गेली तरी घड्याळ चालत राहावं म्हणून. तुझा तो सेल केव्हाचा मेला असणार. पण भिंतीवरचं बटण चालू असायचं तोवर तो लाल ठिपका घड्याळाला जगवत होता. वायरमनने ते बंद करायला लावलं आणि तेव्हापासून मशीन रोज रात्री सगळं विसरतं. सकाळी कारखान्याने घातलेल्या तारखेपासून सुरुवात. खरं तर इंटरनेट लागलं की घड्याळ आपलं आपण सुधारतं, पण फरक इतक्या वर्षांचा असला की तेही हात वर करतं. अपडेट त्यामुळेच अडत होतं. प्रमाणपत्राची पाटी त्यामुळेच.

आणि मेल. मेलवर तारीख पडते ती पाठवणाऱ्याच्या घड्याळाची. तूच मला पूर्वी विचारलं होतंस, ऑफिसातल्यासारखी वर उजव्या बाजूला तारीख घालू का, आणि मी शहाण्यासारखं म्हटलं होतं की काही गरज नाही, मशीन घालतं. घातली मशीनने. तू मार्चमध्ये लिहिलंस, वर तारीख पडली सात वर्षांपूर्वीची. तुमच्या ऑफिसात आवक कागद तारखेने लावायचे ना? सात वर्षं जुन्या तारखेचा कागद आज आला तर शिपाई तो कुठे लावेल? गठ्ठ्याच्या तळाशी. भिंगरीच्या पेटीत अगदी तेच झालं. तुझी मेल पोचली ताई, मागे लिहिलं त्यात मी खोटं बोललो नाही. पण ती तळाला जाऊन पडली. हजारो जुन्या मेलींखाली, जाहिरातींखाली. ती वरती बघत बसली असेल. तिने ती वाचलेलीच नाही.

पाकिटात कागदात गुंडाळून नवा सेल पाठवतो आहे. वीज पूर्ण बंद कर, वायर काढ. मागचे दोन स्क्रू, डावा पत्रा सरकतो. आत हिरव्या पाटीवर तो सेल दिसेल, कडेची पिन बाजूला केलीस की उडी मारून बाहेर येईल. अक्षरं असलेली बाजू वर ठेवून नवा बसव. टाइपरायटरची रिबन बदलणारीला हे काहीच नाही. मग तारीख घाल. खरी.

भिंगरीला मी अजून काही सांगितलेलं नाही. ते तुझं आहे, तू सांग. नुसती कशी आहेस म्हणून चार ओळी टाकल्यात तिला.

मी लवकर विचारायला हवं होतं. लोभात तूट आली असेल तर भरून काढायची संधी दे.
ठोक्या


८ जुलै

चि. ठोक्या यास,
अ. उ. आ.

सेल बसवला. पत्रा सरकवताना नख तुटलं आणि आत इतकी धूळ होती की एक उशी भरली असती. तारीख घातली. रात्री भिंतीचं बटण मुद्दाम बंद केलं, सकाळी पाहिलं, तारीख बरोबर. अपडेटसुद्धा शंभरावर गेलं, मी कप धुवायच्या आत. तू हुशार आहेस, लहानपणी तुला बोलायचे ते मागे घेते.

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. आधी आनंद झाला. खोटं का सांगू, खूप आनंद झाला. पोरीने माझं लिहिणं वाचून झिडकारलं नव्हतं. मग हळूहळू लक्षात आलं की तिने विचारलं आणि तिला उत्तरच मिळालं नाही. वाट पाहून सही केली. आणि आता सही झालेली आहे.

म्हणून ठरवलंय. ते सगळं तळाशी आहे तिथेच राहू दे. आता तिला कळलं की आई ये म्हणाली होती, तर ती काय करेल? करार मोडता येत नाही, मोडला तर पुढे कोणी दारात उभं करणार नाही. तीन वर्षं तिकडे बसून जीव जाळेल. त्यापेक्षा न कळलेलं बरं. पाठवलेल्या मेली इथून परत घेता येतात का? तुझं ते कंट्रोल आणि झेड तिकडे चालतं का? चालत असेल तर कसं ते सांग, एकेक काढून टाकते. त्यात सही केल्याचं कळल्यावर रागाने लिहिलेली एक आहे, तुझी मर्जी, मला सवय आहे, असं काहीबाही. ती बुडाली तेवढं मात्र देवाने चांगलं केलं.

नवी मेल कागदावर लिहून ठेवली आहे. मशीन बिघडलं होतं, म्हणून पत्रं नव्हती, तू केलंस ते योग्य केलंस, मी मजेत आहे. तुझं उत्तर आलं की टाइप करते. तिला यातलं काही बोलू नकोस, ताईची शपथ आहे तुला.

आशीर्वाद तर आहेतच, ऐकलंस तर वाढतील.
ताई


९ जुलै

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझी मेल बघून बरं वाटलं. इथे मराठीत काही आलं की मी ते दोनदा वाचते, मग त्यात नुसतं कशी आहेस का असेना. मी बरी आहे. काम छान चाललंय. सध्या वरच्या जबड्याचे अख्खे दात मेणात कोरते आहे, एका म्हाताऱ्या वादकाचे. त्याला वाजवताना हलणार नाहीत असे हवेत, चार वेळा येऊन गेला. माझ्या टेबलासमोरची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, त्यामुळे लक्ष विचलित व्हायचा प्रश्न नाही.

तू विचारलं नाहीस, पण आईला पत्रं का नाहीत ते सांगते. मामा, मी मार्चमध्ये तिला एक प्रश्न विचारला होता. येऊ का? आमच्या घरात असं कोणी विचारत नाही, तुला माहीत आहे. बाबा गेले तेव्हासुद्धा आम्ही दोघी तू जेवलीस का, तू झोपलीस का यापलीकडे बोललो नाही. त्यामुळे लिहिताना मला घाम फुटला होता. पंधरा दिवस मी कामावरून आले की आधी मेल उघडायचे, बूटसुद्धा न काढता. काही आलं नाही. आई उत्तराला उशीर करणाऱ्यांतली नाही. कागद आला की त्याच दिवशी जबाब गेला पाहिजे, हे तिचंच. तेव्हा न बोलणं हाच तिचा जबाब, असं मी समजले. नको म्हणायला तिला जड गेलं असेल. एकटीने राहायची सवय लागली असेल, मी आले की पसारा. मी समजलं म्हणून लिहिलं आणि सही केली. त्यावरही तिचं काही आलं नाही. फोनवर हो, बरी आहे, ठेव आता, बिल वाढेल.

रागावलेली नाही मी. फक्त संध्याकाळी खोलीत आल्यावर दिवा लावायच्या आधी जरा उभी राहते. घर म्हणून मनात जे होतं ते आता कुठे आहे ते ठरत नाही. हे आईला सांगू नकोस, उगीच तिला अपराधी वाटेल. वचन दे.

तुझी तब्येत सांभाळ. भाचीचा हक्क तेवढा राखून ठेव.
भिंगरी


१३ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणतेस तिला सांगू नकोस. ती म्हणते तुला सांगू नकोस. एक शपथ घालते, दुसरी वचन मागते. मी काय तुम्हा मायलेकींच्या मधली कचऱ्याची पेटी आहे, सगळं माझ्यात टाकायला? मी दोघींचंही ऐकत नाही. हवं तर भाऊ मेला म्हण.

पाठवलेली मेल परत घेता येत नाही. कंट्रोल आणि झेड फक्त आपल्या पानावर चालतं, दुसऱ्याच्या घरी नाही. त्या तिथेच आहेत, राहतील.

आता नीट ऐक. तुला वाटतं की तिला कळलं तर ती जीव जाळेल. ताई, ती आत्ता काय करते आहे असं तुला वाटतं? तिने मला लिहिलंय. तिची समजूत अशी आहे की तिने येऊ का विचारलं आणि आईने नको म्हटलं. न बोलून म्हटलं. तिच्या आईला एकटीने राहायची सवय झाली आहे आणि पोरीचा पसारा नको आहे, हे तिने मनाशी पक्कं केलंय. दिवसभर कुणा म्हाताऱ्या वादकाचे दात कोरते, मग खोलीत येते आणि अंधारात उभी राहते. घर कुठे आहे ते ठरत नाही म्हणते. आणि तू तिला आता लिहिणार की तू केलंस ते योग्य केलंस, मी मजेत आहे! अगं, म्हणजे शिक्काच मारलास की.

करार, तीन वर्षं, हे सगळं निभावतं. माणसं दहा-दहा वर्षं लांब राहतात. आपण कोणाला नकोसे आहोत असं वाटून राहणं वेगळं. मला विचार. मी राहतो तसाच. मला चार दिवस ये असं तू लिहिलंस ना गेल्या महिन्यात, ते पत्र मी टेबलावर उघडं ठेवलंय. मी आलो नाही, रजा नाही, पण कोणीतरी ये म्हटलं आहे एवढ्यावर माझा महिना गेला.

तुझं मशीन मी दुरुस्त केलं. पुढचं माझ्या हातात नाही. तो मजेतवाला कागद फाडून टाक.

जास्त बोललो. पाया पडतो. ओरड माझ्यावर, पण तिला लिही.
ठोक्या


१९ जुलै

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

ही मेल तुझ्या पेटीत सगळ्यात वर दिसायला हवी. दिसली का? मी हिच्यावर हातानेही तारीख घातली आहे, मशीनवर आता माझा भरवसा नाही. आणि कागदावर आधी लिहून काढलेलं नाही. स्क्रीनकडे बघून एकेक अक्षर टाइप करते आहे, म्हणून चुका झाल्या तर हसू नकोस. असं टाइप करताना कोणीतरी आपल्या तोंडाकडे बघतंय असं वाटतं.

आपल्या कॉम्प्युटरचा सेल मेला होता आणि घड्याळ सात वर्षं मागे गेलं होतं. मला दिसत होतं, मी राहू दिलं. त्यामुळे फेब्रुवारीनंतरचं माझं सगळं लिहिणं तुझ्या पेटीत सात वर्षांपूर्वीच्या तारखेला जाऊन पडलं आहे. मामाने शोधून काढलं. त्याच्यावर चिडू नकोस, त्याने तुझं वचन मोडलं आणि माझी शपथही. दोन्ही मोडली हे फार चांगलं केलं.

पेटी उघड आणि कीबोर्डवर एंड असं लिहिलेलं बटण आहे ते दाब. एकदम तळाशी जाशील. तिथून जरा वर सरक, त्या सालच्या एक जानेवारीला मी सापडेन. मार्चमधली मेल मोठी आहे. तू विचारलंस त्याच दुपारी लिहिली होती. तिच्यावरची एक रागाची आहे. ती वाचलीस तरी चालेल, मी तेव्हा चिडले होते, कारण मला वाटलं तू माझं वाचूनही सही केलीस. इतके महिने मी तुझ्यावर रुसून बसले आणि तू माझ्यावर, आणि दर महिन्याला फोनवर आपण एकमेकींना बरी आहे म्हणून ओरडून सांगत होतो. काय म्हणावं आपल्याला.

करार मोडू नकोस. तीन वर्षं नीट पुरी कर, वादकाचे दात मजबूत बसव. मी धडधाकट आहे, फक्त ऐकू कमी येतं. एकटीने राहायची सवय मला झालेली नाही. ती होत नाही. मी दिवसभर कामं काढते, पुसलेलं पुन्हा पुसते, आणि संध्याकाळी आतल्या खोलीवरून जाताना उगीच घाई करते. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं तर तू सगळं टाकून येशील अशी भीती होती, आणि आली नाहीस तर काय, अशी त्याहून जास्त.

तू विचारलं होतंस, येऊ का. मी नको म्हटलं नव्हतं. मी ये म्हटलं होतं. तिथे खोलीत आलीस की आधी दिवा लाव आणि हे वाच. तीन वर्षांनी विचारलंस तरी, उद्या विचारलंस तरी, मी तेच सांगणार आहे. खरं तर विचारूच नकोस. घराला विचारून कोणी येत नाही.

लोभ माझ्याकडे शिलकीत फार साठलाय, येशील तेव्हा सगळा घेऊन जा.
तुझी आई